पाकिटातलं पीठ चालेल, कच्चं सफरचंद नको

ओव्हनपाशी : वाचकांचे प्रश्न, रत्नागिरीहून उत्तरं

गणपती गेले की आमच्या बाजारात सफरचंदाच्या पेट्या दिसायला लागतात. आधी हिमाचलचा माल असतो, तो ओसरेपर्यंत काश्मीरचा येऊन पोचतो. नवरात्राच्या सुमाराला भाव जरा खाली येतो आणि माझ्याकडे पत्रं येतात. यंदाची बहुतेक पत्रं सफरचंदाच्या केकचीच आहेत, म्हणून हा महिना त्यालाच दिला.

प्रश्न : ताई, माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिकडे आता पानगळ सुरू झाली आहे आणि घरोघरी म्हणे ‘ॲपल कॉफी केक’ होतो. तिने सोपी कृती पाठवली : केक मिक्सचं एक खोकं, ॲपल पाय फिलिंगचा एक डबा आणि वरून दालचिनीचा चुरा. मी इथे मिळतं ते केकचं तयार पीठ आणलं. डबा मिळाला नाही, म्हणून तीन सफरचंदं चिरून घातली. वरून केक सुरेख दिसत होता, पण कापला तर सफरचंदाच्या खाली ओला, चिकट थर. पीठ खराब होतं का? शिवाय यात कॉफी तर कुठेच नाही! आणि शेवटचं, असं पाकिटातलं पीठ वापरणं तुम्हाला पटतं का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो तुम्ही जरा संकोचून विचारला आहे. मला पटतं. अगदी मनापासून पटतं. मैदा, साखर आणि बेकिंग पावडर मोजून चाळून ठेवण्याचं काम दुसऱ्याने केलं म्हणून केक तुमचा राहत नाही, असं मी मानत नाही. अमेरिकेत १९३१ साली बिस्क्विक नावाचं तयार पीठ बाजारात आलं, तेव्हापासून तिथल्या बायका असे केक करत आल्या आहेत. तुमच्या मुलीने पाठवलेली कृती त्याच घराण्यातली आहे.

कॉफी यात नसतेच. कॉफीसोबत खायचा तो कॉफी केक, जसा आपला चहाबरोबरचा खारी-टोस्ट. जर्मनीहून गेलेल्या लोकांनी ही रीत तिकडे नेली. वरचा तो लोणी, साखर, पिठाचा चुराही त्यांचाच, त्याला ते श्ट्रॉयझल म्हणतात.

आता ओला थर. पीठ खराब नव्हतं. सफरचंदात वजनाच्या साधारण ८५ टक्के पाणी असतं. तुमची तीन सफरचंदं साडेचारशे ग्रॅम धरली, तरी त्यात पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास पाणी झालं. ते सगळं काही बाहेर येत नाही, पण ओव्हनच्या उष्णतेने आणि पिठातल्या साखरेने बरंचसं सुटतं, खालच्या पिठात उतरतं आणि तिथे केक फुलूच शकत नाही. डब्यातली सफरचंदं मात्र आधीच शिजवलेली असतात आणि त्यांचा रस पिठूळ पदार्थ घालून दाट केलेला असतो. मुलीचा केक जमला तो त्यामुळे. डबा उघडला की ही शिजवण्याची मेहनत आयती मिळते. डबा नसेल तर ती आपल्यालाच घ्यावी लागते, टाळता येत नाही.

हे मला कळायला बराच वेळ लागला. माझ्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला मी सफरचंदाचा केक केला होता आणि तुमच्यासारखाच थर निघाला. सासरे ‘छान आहे हो’ म्हणाले आणि बशीत मधला भाग ठेवून कडा तेवढ्या खाल्ल्या. मी पुढे कित्येक महिने ओव्हनला दोष देत राहिले. मग एका सकाळी चिरलेल्या सफरचंदांना साखर चोळून ठेवली आणि मासेवाली आली म्हणून बाहेर गेले. बांगडे घेऊन, तिच्याशी चार शब्द बोलून परत आले, तर भांड्याच्या तळाशी पाऊण वाटी रस! फोडी त्यात बुडून अर्ध्या झाल्यासारख्या दिसत होत्या. तेव्हा लख्ख समजलं की हे सगळं पाणी मी दर वेळी पिठात ओतत होते.

आणि खरं तर हे आपल्या घरात कधीपासून माहीत आहे. माझी आजी याच दिवसांत तवसोळी, म्हणजे काकडीचा भाजलेला गोड पदार्थ, करायची. मोठं, पिवळं पडलेलं तवसं, म्हणजे काकडी, किसायचं, त्यात तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. वरून पाण्याचा एक थेंब नाही. रवा भिजायचा तो तवशाच्या अंगच्या पाण्यात. किस ओला वाटला तर ती रवा मूठभर वाढवायची, कोरडा वाटला तर थोडा वेळ थांबायची. टोप चुलीवर, झाकणावर करवंट्यांचे निखारे, आणि मधूनमधून चिमट्याने निखारे कडेकडेला सरकवत राहायची, म्हणजे कडा आणि मध्य सारखे भाजतात. फळाचं पाणी हिशोबात धरायचं, हे मी तिच्याकडे रोज बघत होते आणि केक करताना मात्र विसरले.

तर आता केक असा करा.

सफरचंदं तीन, मध्यम. जातीचं विचाराल तर पिवळी गोल्डन मिळाली तर उत्तम. लाल डेलिशस घेणार असाल तर कडक बघून घ्या. बोटाने दाबल्यावर दबतं ते आतून पिठूळ निघतं आणि शिजताना त्याचा गाळ होतो. सालं काढून साधारण एक सेंटिमीटरच्या फोडी करा. कढईत दोन मोठे चमचे लोणी, त्यावर फोडी, तीन मोठे चमचे साखर किंवा गूळ पावडर, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. आपल्याकडच्या लाल सफरचंदाला आंबटपणा कमी, म्हणून लिंबू सोडू नका. झाकण न ठेवता मध्यम आचेवर परता. आधी रस सुटून फोडी त्यात पोहू लागतील, घाबरू नका. सात-आठ मिनिटांत बुडबुडे मोठे आणि संथ होतात, उलथन्याने कढईच्या तळाशी रेघ ओढली तर ती क्षणभर तशीच राहते. तेव्हा चमचाभर कॉर्नफ्लोअर दोन चमचे पाण्यात कालवून घाला, अर्धा चमचा दालचिनी पूड आणि किंचित जायफळ घाला, मिनिटभर ढवळून उतरवा. पूर्ण गार होऊ द्या. गरम मिश्रण पिठावर घातलं तर पिठातली बेकिंग पावडर केक ओव्हनमध्ये जायच्या आधीच काम करून मोकळी होते.

चुऱ्यासाठी अर्धी वाटी मैदा, पाव वाटी गूळ पावडर, अर्धा चमचा दालचिनी, चाळीस ग्रॅम गार लोणी. बोटांच्या टोकांनी चोळा, तळव्याने नको, तळव्याच्या उष्णतेने लोणी वितळतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर हा चुरा पाच मिनिटांत लाडवासारखा गोळा होतो, म्हणून झाला की थेट फ्रिजमध्ये. त्यात ओबडधोबड चिरलेले काजू घालाच, आपल्या घरचेच आहेत. याहून सोपं हवं असेल तर मैद्याऐवजी सहा-सात मारी बिस्किटं कुटून घ्या. बिस्किटात आधीच तूप-तेल असतं, मग लोणी पंचवीस ग्रॅम पुरे आणि गूळही कमी.

आता पाकीट. अडीचशे ग्रॅमच्या आसपासचं घ्या. मागे जेवढं दूध किंवा पाणी लिहिलं असेल त्यातलं दोन मोठे चमचे कमी करून तेवढंच घट्ट दही घाला. पीठ पळीवरून ओघळायला नको, थबकत पडायला हवं. पातळ पिठात फोडी तळाशी जातात. सात इंची भांड्याला बटर पेपर लावून निम्मं पीठ, त्यावर सफरचंद कडेला बोटभर जागा सोडून, मग उरलेलं पीठ, शेवटी चुरा. १८० अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. पहिली पंचवीस-तीस मिनिटं दार उघडू नका.

झाला की नाही हे बघायला मी माडाच्या झावळीची हीर, म्हणजे पातीतली बारीक काडी, वापरते, धुऊन पुसून. सुरीपेक्षा बारीक, केकला भोकही दिसत नाही. पण मधोमध टोचू नका, तिथे सफरचंदच लागेल आणि हीर ओली येईल. मध्यापासून दोन बोटं बाजूला टोचा, आणि तिथेही फोड लागली तर हीरेला कच्चं पीठ चिकटलेलं नाही ना, एवढंच बघा. गूळ-दालचिनीचा वास स्वयंपाकघर सोडून पडवीपर्यंत आला की साधारण दहा मिनिटं उरलेली असतात, हा माझा घरचा अंदाज.

मुलीला कळवा की डबा वापरते आहेस ते छान, फक्त पुढच्या वेळी त्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळ. डब्यातलं सफरचंद फार गोड असतं.

प्रश्न : काकू, तारकर्लीला आमचा छोटा होम-स्टे आहे. दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे सकाळी कॉफीबरोबर काहीतरी वेगळं मागतात. ओव्हन नाही. कुकरमध्ये असा केक होईल का? मी एकदा करून बघितला, केक झाला पण वरचा चुरा भिजून लगदा झाला. (एक वाचक, तारकर्ली)

उत्तर : होतो रे, नक्की होतो. तुझा केक चुकला नाही, चुऱ्याची वेळ चुकली. ओव्हनमध्ये वाफ बाहेर जाते आणि वर कोरडी उष्णता लागते. कुकरमध्ये वाफ कोंडते आणि वरून उष्णता जवळजवळ लागतच नाही. तिथे चुरा कुरकुरीत होणं शक्यच नाही. म्हणून चुरा वेगळा, कढईत मंद आचेवर, सोनेरी होईपर्यंत परतून ठेव. केक शिजत आला, म्हणजे शेवटची दहा मिनिटं राहिली की झाकण उघडून वर पसर, हलक्या हाताने दाब. उतरवल्यावर झाकण ठेवू नकोस, नाहीतर परत तोच लगदा.

कुकरची रबरी रिंग आणि शिटी दोन्ही काढायची, हे विसरू नकोस. पाणी अजिबात नाही. तळाशी वाटीभर जाड मीठ, त्यावर स्टँड, दहा मिनिटं आधी तापवून मग भांडं आत. आच बारीक, वेळ पन्नास मिनिटं ते तास. रोज करणार असशील तर जेवणाचा कुकर यासाठी वापरू नकोस, कोरडं तापवून तो लवकर खराब होतो. एक जुनं जाड बुडाचं टोप आणि घट्ट झाकण यासाठी वेगळंच ठेव.

आणि एक सुचवू? पाहुण्यांना एक दिवस हा केक दे आणि दुसऱ्या दिवशी तवसोळी दे. कॉफीबरोबर ती तितकीच चांगली लागते, आणि मुंबई-पुण्याच्या माणसाला ती दुसरीकडे सहज मिळणार नाही. तुझ्या आजीला विचार, तिला येत असेल.

प्रश्न : ताई, बेकिंग पावडरचा डबा नवा असूनही केक दगडासारखा होतो. (एक वाचक, देवगड)

उत्तर : डबा नवा असेल, पण पावसाळाभर उघडझाप झाली असेल तर पावडर मेली असण्याची शक्यता खूप. आपली दमट हवा तिला झेपत नाही. अर्धा चमचा पावडर पाव वाटी गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तर ठीक, नुसती दोन-चार बुडबुड्यांवर थांबली तर फेकून द्या. यापुढे सगळ्यात लहान डबा आणा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. पाकिटातलं पीठही उघडलं की एकदाच सगळं वापरा, अर्धं गुंडाळून ठेवू नका.

प्रश्न : दापोलीजवळ आमच्या बागेत दालचिनीची झाडं आहेत. पानं मसाल्यात वापरतो, साल कधी काढली नाही. केकसाठी ती चालेल का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : चालेल काय, तुमचा मला हेवा वाटतो! बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, टणक साल बऱ्याचदा कॅसियाची, म्हणजे दालचिनीच्या जवळच्या दुसऱ्या झाडाची असते. चवीला झणझणीत, पण उग्र. खरी दालचिनी पातळ, पापुद्र्यांची, बोटांनी चुरडली जाणारी आणि वासाला गोडसर. सफरचंदाला तीच शोभते. तुमच्याकडे तर कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे, त्यांनीच ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात दिली. साल कशी काढायची ते तिथे एकदा प्रत्यक्ष बघून या.

थोडक्यात सांगायचं तर खोडाची साल काढायची नाही. बुंध्यापासून फुटलेल्या, दोनेक वर्षांच्या, अंगठ्याएवढ्या फांद्या घ्यायच्या. कोवळी तांबूस पालवी हिरवी व्हायला लागली की साल सहज सुटते. वरचा खरबरीत करडा थर खरवडून टाका, मग उभी चीर देऊन आतली साल अख्खी सोडवा. सावलीत वाळवली की ती आपोआप गुंडाळी होते. पूड मात्र केकच्या दिवशीच करा, खलबत्त्यात, आणि वस्त्रगाळ करून घ्या. ताज्या पुडीचा वास जास्त असतो, म्हणून वर दिलेल्या अर्ध्या चमच्याऐवजी पाव चमच्यापासून सुरुवात करा.

प्रश्न : हा केक किती दिवस टिकतो? (एक वाचक, मालगुंड)

उत्तर : आपल्या हवेत बाहेर एक दिवस. आत ओलं फळ आहे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बुरशीची भीती असते. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतो. काढला की तवा मंद तापवून, झाकण न ठेवता पाच मिनिटं गरम करा, म्हणजे चुरा वाफेने भिजत नाही. मायक्रोवेव्हमध्ये तो मऊ पडतो. मुंबईला पाठवायचा असेल तर पूर्ण गार झाल्यावर, न कापता, बटर पेपरमध्ये बांधून रात्रीच्या गाडीने पाठवा.