विझर्डच्या घुबडाला आवरायचं कसं?

प्रश्न : आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळात (फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ; पाचवी आवृत्ती, 2014ची पुस्तकं) विझर्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, घुबड आहे. दर फेरीला ते शत्रूच्या डोक्यावर झेपावतं, 'हेल्प' (सोबत्याला मदत करायची खेळी) करतं आणि उडून जातं. रोगला (चोरट्या लढवय्याला) अॅडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो, त्यामुळे स्नीक अटॅक (जास्तीच्या नुकसानीचा वार) ठरलेलाच. डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) म्हणून मी हैराण झालो आहे. हे नियमात बसतं का?
— घुबडग्रस्त

उत्तर : बसतं, अगदी व्यवस्थित बसतं. फॅमिलिअरला (मंत्राने बोलावलेल्या सोबती प्राण्याला) हल्ला करता येत नाही, बाकीच्या अॅक्शन (पाळीतल्या मुख्य खेळी) मोकळ्या आहेत. त्याचा इनिशिएटिव्हही (पाळीचा क्रम) स्वतंत्र. घुबडाकडे 'फ्लायबाय' असल्यामुळे ते निघून जाताना शत्रूला फुकटचा वार मिळत नाही. म्हणजे तुमचा खेळाडू लबाडी करत नाहीये, त्याने पुस्तक नीट वाचलंय. त्याच्यावर चिडू नका.

आता तुम्ही वाचा. घुबडाला हिट पॉइंट (जीव) एक आणि आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) 11. मदत करायची तर शत्रूच्या पाच फुटांत यावंच लागतं, आणि अॅडव्हांटेज मिळतो तो फक्त पहिल्या एका हल्ल्याला. पहिल्या फेरीत गॉब्लिन फसला, ठीक आहे. दुसऱ्या फेरीत त्याच्या मागच्या तिरंदाजाने बाण ताणून ठेवायला काय हरकत आहे? "घुबड खाली आलं की सोडणार," एवढंच जाहीर करा. ही रेडी अॅक्शन झाली, आणि त्यात त्या तिरंदाजाची त्या फेरीतली अॅक्शन खर्ची पडते, म्हणजे सौदा दोन्हीकडून बरोबरीचा. गॉब्लिनचा हल्ला +4, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 7 किंवा वर आला की घुबड गेलं. शंभरात सत्तर वेळा जाईल. आगीचा गोळा फुटला तर सेव्ह (बचावाचा फासा) जमूनही उपयोग नाही, निम्म्या नुकसानीतच ते संपतं.

फक्त एक पाळा. लांडग्याला किंवा बिनडोक झॉम्बीला ही अक्कल देऊ नका. शहाणा शत्रू शहाण्यासारखा वागला की खेळाडू कुरकुरत नाहीत. प्रत्येक राक्षस घुबडावरच टपून बसला, की ते डीएमचा राग बरोबर ओळखतात.

पण खरी मेख वेगळीच आहे. घुबड परत आणायला दहा सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती पितळी शेगडीत जाळाव्या लागतात. दहा नाणी म्हणजे किरकोळ. महाग आहे तो वेळ. मंत्राला पूर्ण एक तास लागतो, आणि स्पेल स्लॉट (मंत्रांचा मोजका साठा) वाचवून रिच्युअल (सावकाश विधी) म्हणून म्हटला तर वर दहा मिनिटं. भुयाराच्या मधोमध, मागे पहारेकरी बोंब मारत असताना, हा तास कुठून आणणार? बहुतेक टेबलांवर डीएम म्हणतो, "बरं, घुबड आलं परत," आणि विषय संपतो. तुम्ही तेच करत असाल, तर घुबड फुकट तुम्हीच करून ठेवलंय. घड्याळ चालू ठेवा. तासाभरात गस्तीची पाळी बदलते, ओलीस दुसरीकडे हलवले जातात. मग बघा, पक्षी झेपावण्याआधी विझर्ड कसा विचार करायला लागतो ते.

प्रश्न : फॅमिलिअर मेलं की मालकालाही फटका बसायचा, असं जुने खेळाडू सांगतात. तो नियम परत आणावा का?
— कडक शिस्तीचा

उत्तर : नको. नियम होता हे खरं. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत फॅमिलिअर मेलं की मालकाच्या प्रत्येक लेव्हलमागे 200 अनुभव-गुण कापले जात, फॉर्टिट्यूड सेव्ह (सहनशक्तीचा बचाव) जमला तर निम्मे. शिवाय नवं फॅमिलिअर एक वर्ष आणि एक दिवस मिळत नसे. त्याआधी अॅडव्हान्स्डच्या पहिल्या आवृत्तीत तर मालकाचे हिट पॉइंटच कायमचे जात. परिणाम काय? प्राणी सगळी मोहीम झोळीत. कागदावर मांजर आहे आणि टेबलावर तिचं नावसुद्धा निघत नाही, असा सोबती काय कामाचा?

प्रश्न : घुबडाला दाराच्या फटीतून आत पाठवलं, तर आतलं संभाषण ते विझर्डला येऊन सांगेल का?
— कान टवकारून

उत्तर : शंभर फुटांपर्यंत दोघांचं मनोमन बोलणं होतं, पण घुबडाची बुद्धिमत्ता 2 आहे आणि त्याला एकही भाषा येत नाही. माझ्या टेबलावर ते "दोन मोठे, एक छोटा, छोटा घाबरलाय" इतपत कळवतं. शब्दन् शब्द हवा असेल तर विझर्डने आपली अॅक्शन खर्चून त्याच्या कानांनी ऐकावं. तेवढा वेळ त्याचे स्वतःचे डोळे-कान बंद असतात, तेव्हा शेजारी कुणीतरी पहाऱ्याला ठेवा. घुबडामार्फत मंत्र टाकायचा तर फक्त स्पर्शाचा, आणि त्यात घुबडाची रिअॅक्शन (फेरीतली एकमेव प्रतिक्रियेची खेळी) जाते.

प्रश्न : माझा रेंजर (रानातला शिकारी) बीस्ट मास्टर आहे, म्हणजे प्राणी सोबत घेऊन लढणारा. लांडग्याला "चाव" म्हणायला माझी अख्खी अॅक्शन जाते. मग मी काय नुसतं बघत बसू?
— धनुष्य खाली ठेवलेला

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. 2014च्या पुस्तकातला तो सगळ्यात कंजूष नियम. लांडग्याचे हिट पॉइंट मूळचे 11, तिसऱ्या लेव्हलला, लेव्हलच्या चारपटीच्या हिशोबाने, 12. म्हणजे मिळवला एक! 2020मध्ये 'टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकात 'प्रायमल कम्पॅनियन' (सोबती प्राण्याचा नवा पर्याय) आला, तो डीएमकडे मागून घ्या. जमिनीवरच्या प्राण्याला त्याच लेव्हलला 20 हिट पॉइंट मिळतात आणि हुकूम बोनस अॅक्शनमध्ये (मुख्य अॅक्शनखेरीजच्या छोट्या खेळीत) देता येतो, म्हणजे तुमचं धनुष्य मोकळं. हुकूम नाही दिला तरी तो आपणहून डॉज करत (वार चुकवत) राहतो. मेला तर तासाभरात त्याला स्पर्श करून एक स्पेल स्लॉट खर्च करा, मिनिटभराने पूर्ण ताकदीनिशी उठतो. डीएमने नकार दिला, तर त्याला एका लढाईत रेंजर खेळायला बसवा.