ओळख नसेल तर इंटर्नशिप मिळते का?

"मॅडम, आमचं कॉलेज तालुक्याचं. ओळख कुणाचीच नाही. मला कोण घेणार?" उन्हाळा जवळ आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो.

लातूर जिल्ह्यातली ही विद्यार्थिनी (तिला सीमा म्हणू) बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीत संशोधनाचा अनुभव मिळावा म्हणून तिने मार्चमध्ये चाळीसेक प्राध्यापकांना मेल केले होते. उत्तर एकाचंही नाही. कॉलेजचं नाव वाचूनच लोक मेल बंद करतात, असं तिने मनाशी धरलं होतं.

मी ते मेल तिला उघडायला लावले. सगळीकडे मजकूर एकच: आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची तीव्र इच्छा आहे. समोरचा माणूस कशावर काम करतो, याचा उल्लेखच नाही. महिला शास्त्रज्ञांनाही 'रिस्पेक्टेड सर' गेलेलं. असा मेल कॉलेजच्या नावापर्यंत कुणी वाचतच नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

मग विचारलं, प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यात जास्त काय आवडलं? ती एकदम बोलायलाच लागली. पाण्यात जिवाणू साधारण किती आहेत हे पाहणाऱ्या एमपीएन चाचणीसाठी तिने घरच्या आणि शेजारच्या बोअरचं पाणी नेलं होतं. घरच्या पाण्यात कोलिफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) निघाले, शेजारच्या पाण्यात नाहीत. असं का, हे तिला अजून कळलं नव्हतं. मी म्हटलं, "मेलची पहिली ओळ हीच लिही."

पाण्यातल्या जिवाणूंवर काम करणारे मोजकेच शास्त्रज्ञ तिने निवडले. प्रत्येकाचा एक शोधनिबंध वाचला, निदान सारांश आणि आकृत्या तरी. मग दहा ओळींचं पत्र: काय वाचलं, काय प्रश्न पडला, हाताने काय काय करता येतं, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत.

वडिलांची काळजी वेगळी होती. "पोरगी पुण्यात राहणार कुठं?" प्रश्न रास्तच होता. राहण्याची सोय, मानधन आणि रोजचं मार्गदर्शन कोण करणार, हे आधी लेखी विचारून घ्या, असं मी त्यांना सांगितलं. प्रमाणपत्रासाठी हजारो रुपये मागणाऱ्यांकडे मात्र पाठवू नका.

या वेळी दोन उत्तरं आली. एक नकाराचं. दुसरं पुण्यातल्या एका शास्त्रज्ञ बाईंचं: सहा आठवडे या, मानधन नाही. सीमा चिंचवडला मावशीकडे राहिली. सुरुवातीला ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) लावणं आणि मीडिया, म्हणजे जिवाणू वाढवण्याचं खाद्य, बनवणं एवढंच काम होतं. त्यावर ती फोनवर जरा कुरकुरली. पण हात बसतो तो त्यातच.

मार्चमध्ये धावपळ करणाऱ्यांना आणखी एक सांगते. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. तिचे अर्ज साधारण आदल्या नोव्हेंबरातच मागवले जातात. एमबीबीएस, बीडीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस ही विद्यार्थ्यांना छोटं संशोधन करू देणारी योजना १९७९ पासून आहे. त्यात गाईड आपल्याच कॉलेजातला असतो, तिथे बाहेरच्या ओळखीचा प्रश्नच येत नाही.

सीमाने पुढच्या नोव्हेंबरात अकादमीचा अर्ज भरला. शिफारसपत्र पुण्याच्या त्याच बाईंनी दिलं.