वाचकांचे प्रश्न : जुन्या पिकअपचा मागचा एक्सल

प्रश्न : माझ्याकडे १९९४ची फोर्ड रेंजर आहे, ३ लिटर व्ही-६, टू-व्हील ड्राइव्ह. मागचा एक्सल साडेसात इंची. हल्ली ॲक्सिलरेटर दाबला की डिफरन्शियलमधून (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यातून) 'हूंऽऽ' असा आवाज येतो. अधूनमधून छोटा ट्रेलर ओढतो. फोर्डच्याच एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सल टाक, असं जो तो सांगतो. तो बसेल का? भंगार यार्डात घेताना काय बघू?
– एक वाचक, नॉर्थ कॅरोलायना, अमेरिका

उत्तर : बसतो, पण नुसते बोल्ट आवळून नाही. (एक्सलचे हे इंच म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या गिअरचा, क्राऊनचा, व्यास.) रेंजरमध्ये पाटे (लीफ स्प्रिंग) एक्सलच्या वर असतात, एक्सप्लोररमध्ये एक्सलच्या खाली. त्यामुळे एक्सप्लोररच्या एक्सलवरच्या पाट्यांच्या बैठका चुकीच्या बाजूला येतात. त्या कापून नव्या बैठका वरच्या बाजूला वेल्ड कराव्या लागतात. त्याची नळी सव्वातीन इंची आहे. बैठका आणि यू-बोल्ट त्याच मापाचे घ्या. शॉकॲब्सॉर्बरचे ब्रॅकेटही जुळवून घ्यावे लागतात. चाकाचे पाच बोल्ट मात्र दोन्हींकडे ४.५ इंची वर्तुळावरच आहेत, त्यामुळे तुमच्या रिमा चालतील.

वेल्डिंगची खात्रीची सोय नसेल, तर आमचा सल्ला वेगळा आहे. ४ लिटर इंजिनाच्या १९९३ ते १९९७ मधल्या रेंजरचा स्वतःचा ८.८ शोधा. त्याच्या बैठका जागच्या जागी असतात, ब्रेक ड्रमचेच असतात आणि काम हत्यारपेटीवर होतं. त्याचे शाफ्ट २८ स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचदार दातांचे) आहेत, १९९५ ते २००१च्या एक्सप्लोररचे ३१ स्प्लाइनचे. व्यासातला फरक सुतासारखा वाटतो, पण पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ३१ स्प्लाइनचा शाफ्ट जवळपास ३० टक्के जास्त सोसतो. ३ लिटर इंजिन आणि छोटा ट्रेलर यांना २८ स्प्लाइन पुरून उरतात. डिस्क ब्रेक हवे असतील किंवा चिखला-वाळूत जाणं असेल, तरच एक्सप्लोररच्या मागे लागा. १९९५च्या आधीच्या एक्सप्लोररला मागे ड्रमच होते, हे यार्डात विसरू नका.

घेताना पहिली नजर रेशोवर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो त्यावर. डिफरन्शियलच्या कव्हरच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते. तारेच्या ब्रशने घासली की तिच्यावर '३ ७३' असे आकडे दिसतात, म्हणजे रेशो ३.७३. दोन आकड्यांच्या मध्ये 'एल' असेल, '३एल७३' असं, तर तो लिमिटेड स्लिप आहे, म्हणजे एक चाक गरगरू लागलं तरी दुसऱ्यालाही जोर देणारा. पट्टी हरवली असेल, तर कव्हर उघडून पिनियनचे (छोट्या गिअरचे) आणि क्राऊनचे दात मोजा आणि क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागा. तुमच्या सध्याच्या रेशोपेक्षा वेगळा रेशो घेतलात, तर गिअरबॉक्सच्या शेपटीतून चालणारा स्पीडोमीटर खोटं सांगू लागेल. मग त्याचं छोटं प्लास्टिकचं गिअर बदलावं लागतं.

कव्हर काढलंच आहे, तर ऑइल बोटांवर घेऊन उन्हात धरा. करडी, मऊ पूड चुंबकावर असतेच. टोचणारे चकचकीत कण दिसले, तर तो एक्सल तिथेच सोडा. नंतर एक शाफ्ट बाहेर काढा. या एक्सलमध्ये शाफ्ट आतून सी-क्लिपने (इंग्रजी C च्या आकाराच्या चिमट्याने) अडकवलेला असतो आणि चाकाकडचं बेरिंग थेट शाफ्टवरच फिरतं, त्याला वेगळी आतली रिंग नाही. बेरिंग जिथे फिरतं तिथे नख आडवं फिरवा. नख अडकलं तर शाफ्टला खाच पडलेली आहे. नवं बेरिंग घातलंत तरी ते लवकर जाईल आणि सील गळेल. सी-क्लिप काढण्यासाठी मधल्या पिनचा लॉक बोल्ट सोडवावा लागतो. तो बारीक असतो आणि घाई केली की तुटून आत राहतो. आधी भेदक तेल मारा, पान्याचा नीट बसणारा बॉक्सच वापरा.

बैठका वेल्ड करताना आधी नुसते टाके घाला. गाडी चाकांवर उभी करा, पूर्ण वजन पाट्यांवर येऊ द्या, मग पिनियनचा कोन मोजा. गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा शाफ्ट दोन क्रॉसचा (दोन सांध्यांचा) असेल, तर पिनियनची फ्लेंज गिअरबॉक्सच्या फ्लेंजला समांतर हवी. जोर आला की पिनियन वर उचललं जातं, म्हणून ते एक-दोन अंश खाली ठेवा. हा कोन चुकला की ठरावीक वेगाला अंगात शिरणारी थरथर सुरू होते आणि लोक उगाच टायर बॅलन्स करत बसतात. शेवटचं वेल्डिंग छोट्या तुकड्यांत, बाजू बदलत करा. एकाच जागी उष्णता साठली, तर नळी वाकते.

ऑइल भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत भरा. लिमिटेड स्लिप असेल तर चार औंस फ्रिक्शन मॉडिफायर घालायचंच, नाहीतर वळताना क्लच प्लेटी कटकट वाजतात. डिस्क बसवल्या असतील, तर हँडब्रेकच्या केबल वेगळ्या लागतात. मोकळ्या ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून मागची चाकं आधी घसरत नाहीत ना, हेही बघा.

आणि एक : एक्सल मोठा झाला म्हणून दारावरच्या स्टिकरवरची वजनाची मर्यादा वाढत नाही. चासी, पाटे, टायर आणि पुढचे ब्रेक तेच आहेत.

प्रश्न : आमच्या जुन्या पिकअपचा मागचा एक्सल शाफ्ट दोनदा तुटला, दोन्ही वेळा डाव्या बाजूचा. टोमॅटोचे क्रेट वाहतो. मोठ्या टेम्पोचं हाउसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) टाकून घेऊ का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : नका टाकू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीमधल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला आयतं कारण मिळतं. जादा भाराचा दंड कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. हाउसिंग कितीही दणकट असलं, तरी तो टळत नाही.

एकाच बाजूचा शाफ्ट दोनदा तुटला, यातच उत्तर आहे. तुटलेला तुकडा फेकला नसेल तर त्याचं तोंड बघा. गुळगुळीत भागावर एकामागे एक लाटांसारख्या रेषा आणि कोपऱ्यात थोडी खरबरीत जागा असेल, तर तडा हळूहळू वाढत गेलेला आहे. स्प्लाइन पिळवटलेल्या असतील, तर एकदम झटका बसलाय : भरल्या गाडीत शेतातून निघताना क्लच झटकन सोडणं, किंवा एक चाक चिखलात गरगरत असताना अचानक पकड मिळणं.

रेषा दिसल्या तर हाउसिंग वाकलेलं असण्याचा दाट संशय घ्या. वाकलेल्या नळीत शाफ्ट चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकतो आणि सरळ होतो. नवा शाफ्टही मग त्याच जागी तुटतो. तपासायला खर्च नाही. मागची दोन्ही चाकं उचला, टायरच्या मध्यावर खडूची रेघ मारा, हबच्या उंचीवर पुढच्या बाजूने दोन रेघांमधलं अंतर मोजा. चाकं अर्धा फेरा फिरवून त्याच खुणांचं अंतर मागच्या बाजूने मोजा. तीन-चार मिलिमीटरहून जास्त फरक आला, तर हाउसिंग लेथवाल्याकडे सेंटरला धरून तपासून घ्या. पण हे माप फक्त पुढे-मागे वाकलेलं दाखवतं. भारामुळे हाउसिंग वर-खाली वाकतं, म्हणून चाकाचा वरचा आणि खालचा भाग गुण्याला ताडून बघा, आणि डाव्या टायरची आतली कड जास्त झिजलीय का तेही पाहा. वाकलेलं निघालं तर त्याच मॉडेलचं सरळ हाउसिंग घ्या.