'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' मास्टरपीस आहे की नुसता कंटाळवाणा?

दोन्हीवाले खरं बोलतायत. १९६८ चा दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा हा काउबॉय पिक्चर पावणेतीन तासांचा आहे आणि सुरुवातीची दहाएक मिनिटं तीन गुंड नुसते स्टेशनवर ट्रेनची वाट बघत बसलेत, एकाच्या टोपीवर पाणी टपटपतंय, दुसरा तोंडावरची माशी बंदुकीच्या नळीत पकडतो, पवनचक्की कुरकुरतेय, बास! कुणाला झोप आली तर मी नावं ठेवणार नाही, अमेरिकेत तर वीसेक मिनिटं कापूनही आपटला होता, पॅरिसमध्ये मात्र जोरात चालला.

मला ती माशीच आवडते बुवा. आणि हॉलिवूडचा नट हेन्री फोंडा, ज्याला लोकांनी कायम सज्जन माणूस म्हणून बघितलं, तो त्या निळ्याशार डोळ्यांनी लहान पोराकडे हसत बघतो आणि गोळी घालतो, तिकडच्या प्रेक्षकांना ते झेपलंच नसणार. आपल्याला सीन ओळखीचा वाटेल कारण शोलेतलं ठाकूरच्या घरच्यांचं हत्याकांड यावरूनच घेतलंय.

फक्त मोबाईलवर बघू नका, संगीतकार एन्निओ मॉरिकोनेचं म्युझिक शूटिंगच्या आधीच तयार होतं आणि सेटवर वाजवायचे, त्यामुळे पात्रं त्या तालावरच चालल्यासारखी वाटतात.