बी तिथंच फोडा

चि. हिला अनेक आशीर्वाद.

तुझं मोझांबिकमधल्या नाम्पुलाहून आलेलं पत्र वाचलं. खुशाली तुझ्या आईला कळवली आहे. मी थेट मुद्द्यावर येतो, कारण ज्या पेचात तू अडकली आहेस तो मला पुस्तकातून नाही, काजूच्या धंद्यातून ठाऊक आहे.

तुझे वरिष्ठ म्हणतात की कच्च्या काजू बीवरचा निर्यात कर काढून टाकला तर शेतकऱ्याला भाव जास्त मिळेल. काजू लावणारी कुटुंबं दहा लाखांच्या आसपास आणि कारखान्यांतले कामगार काही हजार, तेव्हा गरिबी हटवायची तर दहा लाखांकडे बघा. तुला हे पटत नाही, पण खोडताही येत नाही. अगं, खोडायचं कशाला? हा प्रयोग त्याच देशात, त्याच बीवर एकदा होऊन गेलाय. तुझ्या कार्यालयात कुणाला तो आठवत नसेल तर त्यांच्या फायली धुंडाळ.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिकमध्ये एका हंगामात दोन लाख टनांवर बी निघायची, जगात सर्वांत जास्त. 1975 मध्ये पोर्तुगीज गेले आणि 1977 पासून यादवी पेटली. 1992 मध्ये रोमला तह झाला तोवर सुमारे दहा लाख माणसं मेली होती आणि पन्नास लाखांच्या आसपास परागंदा झाली होती. झाडं म्हातारी झाली, नवी कुणी लावली नाहीत, वाटांवर सुरुंग पेरलेले. पण उत्पादन का कोसळलं याचं एक कारण तुझ्या अहवालांत सापडणार नाही, म्हणून सांगतो. खेड्यातली दुकानं गेली. बरेचसे दुकानदार पोर्तुगीजांबरोबर निघून गेले, उरलेली दुकानं युद्धात जळाली. बी वेचून शेतकऱ्यानं पैसे घ्यायचे ते कशासाठी? साबण नाही, कापड नाही, कुदळ नाही. भाव वाढवला की माल बाजारात येतो हे खरं, पण त्या पैशात घ्यायला गावात काहीतरी असावं लागतं.

आणि गावात दुकान कधी येतं? गावात दर आठवड्याला पगार पडतो तेव्हा. शेतकऱ्याच्या हातात पैसा वर्षातून एकदा येतो, तेवढ्यावर दुकान चालत नाही. म्हणून म्हणतो, बी तिथंच फुटली पाहिजे.

आता तो जुना प्रयोग. तहानंतर देश कर्जात बुडालेला. जागतिक बँकेनं मदतीला अट घातली की कच्च्या बीची निर्यात मोकळी करा. 1995 च्या सुमारास कर 20 टक्क्यांवरून 14 वर आला आणि पुढे तो शून्यावर नेण्याचा बेत होता. बी जहाजात चढली आणि भारतात आली. 2001 पर्यंत तिथल्या काजू कारखान्यांतल्या दहा हजारांवर कामगारांपैकी दहातले नऊ घरी बसले. आणि शेतकरी? अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा काजूवाल्या कुटुंबाचा फायदा वर्षाला सरासरी पाच डॉलरच्या आसपास निघाला. मधल्या व्यापाऱ्यांच्या साखळीत भाव जिरला. हे पाच डॉलर वरिष्ठांपुढे ठेव. आवाज चढवू नकोस, नुसता आकडा ठेव.

ते तुला लगेच सांगतील की कारखाने मुळातच भिकार होते. ते खरं आहे, आणि तू ते नाकारू नकोस. बंदरांजवळच्या शहरांत अवाढव्य शेड आणि परदेशी यंत्रं. ती यंत्रं बी आपटून फोडायची, त्यात गराचा चुरा व्हायचा. अख्ख्या पांढऱ्या गराला जो भाव आहे तो कणीला नाही हे आपल्या वेंगुर्ल्यातलं शेंबडं पोर सांगेल. पण कारखाना वाईट चालतो म्हणून बी बाहेर पाठवायची, हा कुठला न्याय? कारखाना बदला! 1999 मध्ये तिथल्या संसदेनं कर पुन्हा 18 ते 22 टक्क्यांच्या दरम्यान नेला आणि त्यानंतर नाम्पुला प्रांतात काही लोकांनी तेच केलं. काजूच्या पट्ट्यातच लहान कारखाने काढले, वाफेवर बी शिजवायची आणि हातानं चालवायच्या कटरवर एकेक फोडायची. आपलीच पद्धत. थोड्याच वर्षांत काही हजार लोकांना काम मिळालं, त्यात बायका पुष्कळ. पुढे त्यातलेही बरेच बंद पडले, कारण कच्च्या बीचे खरेदीदार रोख पैसे घेऊन हंगामाच्या पहिल्या दिवशी दारात उभे असतात आणि कारखानदाराला तेव्हा बँक दारात उभं करत नाही. वर्षभराची बी तीन-चार महिन्यांत विकत घेऊन ठेवावी लागते, हे ज्याला कळलं नाही त्यानं काजूबद्दल बोलू नये. कर हा नुसता अडसर आहे. खेळतं भांडवल नसेल तर बी काही तिथं फुटत नाही.

आता तुझ्या मनात असेल ते मीच बोलतो. ती बी भारतात कुणी फोडली? आम्ही. केरळात फोडली, मंगळूरला फोडली, आमच्यासारख्यांनी इथं फोडली. आपली बी फेब्रुवारीअखेर ते मे, तिकडची ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. ती आली नसती तर पावसाळ्यानंतर माझ्याकडच्या बायकांना घरी बसवावं लागलं असतं. त्यांची चूल त्या बीवर पेटली, मुलांची शिक्षणं त्या बीवर झाली. कुणी मला चोर म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. मी बाजारभावानं माल घेतला आणि उद्या मिळाला तर पुन्हा घेईन. माल अडवायचं काम माझं नाही, त्यांच्या सरकारचं आहे, आणि सल्ला द्यायचं काम तुझ्या लोकांचं. पण एक गोष्ट माझ्याइतकी तुला कुणी सांगणार नाही. चार किलो बीतून जेमतेम किलोभर गर निघतो. म्हणजे तीन भाग टरफलाचं भाडं भरून आम्ही ती बी समुद्रापार आणतो आणि तरीही आम्हाला ती परवडते. का परवडते? कारण फोडणीत, सोलणीत, प्रतवारीत पैसा आहे. तोच पैसा त्यांच्या गावातून उठून माझ्या गावात आला. खंत असलीच तर एवढीच की हे मी तेव्हा कुणापुढे बोललो नाही. माझं ऐकणार तरी कोण होतं म्हणा.

तू रोजगार हमीसारखं काही तिथं सुरू करावं म्हणतेस. जरूर कर, दुष्काळात तिनं महाराष्ट्र जगवला. तिकडेही युद्धानंतर नव्वद हजारांवर सैनिकांना घरी धाडताना दोन वर्षं रोख भत्ता दिला होता, त्याचाही उपयोग झाला. बंदूक टाकून आलेला माणूस खिशात पैसे घेऊन गावात शिरला की गाव त्याला सामावून घेतं. पण दोन वर्षांनी काय? रस्त्याचं काम संपलं की घमेलं उपडं.

आणि मोठ्या प्रकल्पांचं मला कौतुक सांगू नकोस. तिथल्या राजधानीजवळ, मापुतोजवळ, 2000 मध्ये मोझालचा ॲल्युमिनियम कारखाना सुरू झाला. गुंतवणूक शंभर कोटी डॉलरच्या वर, निर्यातीचे आकडे देखणे, कायमच्या नोकऱ्या हजाराच्या घरात. त्या वर्षांत देशाचा विकासदर सातच्या आगेमागे होता. गरिबीचं प्रमाण 1996-97 मध्ये 69 टक्के होतं ते 2002-03 ला 54 वर आलं, कारण माणसं शेतावर परतली. पुढची सहा वर्षं विकासदर तसाच राहिला आणि 2008-09 ला गरिबी पुन्हा 54-55 च! आता काबो देल्गादोच्या किनाऱ्यावर वायू सापडलाय, अब्जावधी डॉलरचा, आणि त्याच प्रांतात 2017 पासून पोरं पुन्हा बंदुका घेऊन फिरताहेत. तिथून पळालेली कुटुंबं तुझ्या नाम्पुलात येऊन राहिलीत, हे तूच लिहिलंस. त्या पोरांना वायूच्या प्रकल्पात कोण घेणार? काजू फोडायला शिकायला फार दिवस लागत नाहीत.

तेव्हा शेतकरी की कामगार हा प्रश्न सोडून दे. नाम्पुलात कामगार म्हणजे बहुतेक शेतकऱ्याचीच बायको, नाहीतर बहीण. तुझ्या अहवालात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: कराचा पैसा नवी रोपं लावायला आणि झाडांवरच्या भुरीच्या, म्हणजे बुरशीच्या रोगाच्या, औषधाला जावा, हंगामाच्या आधी लहान कारखान्यांना खेळतं भांडवल मिळावं, आणि बी गावाजवळ फुटावी. पहिल्या दोन वरिष्ठ मान्य करतील, तिसरी परिशिष्टात ढकलतील. ढकलू देऊ नकोस. तिसरी काढली तर पहिल्या दोन माझ्यासारख्या खरेदीदाराच्या उपयोगाच्या, बाकी कुणाच्या नाहीत.

मसुदा पाठव, मी वाचून त्यावर शेरे मारून देतो. आणि तुझ्याच प्रांतातल्या मोनापोकडे गेलीस तर गोदामातली किलोभर बी कापून घे, गराचा उतारा किती येतो आणि ओलावा किती ते कळव. नुसता भाव लिहू नकोस, त्यावरून काही कळत नाही. मला माल घ्यायचा आहे म्हणून विचारतोय असं वाटलं तर तसं समज, पण आकडे पाठव.

तुझे काका