तारांकित, लक्षवेधी आणि "अंशतः खरे आहे"

प्रश्न असा आलाय: "बातमीत वाचलं, 'तारांकित प्रश्नाला मंत्र्यांचं लेखी उत्तर'. तारांकित म्हणजे स्टार दिलेला, म्हणजे जास्त महत्त्वाचा ना? मग त्याला नुसतं लेखी उत्तर कसं? आणि खाली 'आमदारांची लक्षवेधी लागली' असंही आहे. लक्षवेधी हे विशेषण आहे ना, मग लक्षवेधी काय?"

आधी ताऱ्याचं बघू. तारा अधिक अंकित, म्हणजे चांदणीची खूण केलेला, इतकाच शब्दार्थ. पण हा स्टार हॉटेलवाला नव्हे, महत्त्वाशी त्याचा काही संबंध नाही. ज्या सदस्याला मंत्र्याने सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं असं वाटतं तो आपल्या प्रश्नावर ही खूण करतो, आणि ज्याला नुसती माहिती, आकडे, जिल्हावार तक्ते हवे असतात तो खूण करत नाही, तो अतारांकित, त्याला लेखी उत्तर येतं आणि विषय तिथे मिटतो. त्यामुळे कधीकधी अतारांकितच्या उत्तरात इतका मसाला असतो की पत्रकार आधी तेच चाळतात. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित असतात, तारांकितची यादी हिरव्या कागदावर आणि अतारांकितची पांढऱ्यावर छापायची पद्धत.

मग तोंडी उत्तरासाठी एवढी धडपड कशाला? तर उपप्रश्नासाठी, म्हणजे उत्तर ऐकून तिथल्या तिथे विचारायच्या पुढच्या प्रश्नासाठी. छापील प्रश्न मंत्र्याला पंधराएक दिवस आधी कळलेला असतो, उत्तर खात्यातल्या अधिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा ते वाचूनही दाखवत नाहीत, "निवेदन पटलावर (म्हणजे सभागृहातल्या टेबलावर) ठेवले आहे" एवढं म्हणून मंत्री मोकळे. खरी मजा त्यानंतर, कारण उपप्रश्न काय येणार हे मंत्र्याला माहीत नसतं. लोकसभेत मूळ प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न मिळतात, मग अध्यक्ष इतरांना संधी देतात, आणि त्या पाच-दहा मिनिटांत मंत्र्याला खातं कळतं की नुसती फाईल कळते हे सगळ्यांना दिसतं. माझ्या मते तारांकित या शब्दाचा खरा अर्थ "उपप्रश्न विचारता येईल असा प्रश्न" हाच आहे.

हे हक्क एकदम मिळालेले नाहीत बरं का. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या कायदेमंडळातल्या, सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली पण उपप्रश्न नाही. म्हणजे फिरोजशहा मेहतांनी सरकारला प्रश्न विचारायचा, सरकारने ठरलेलं उत्तर द्यायचं, आणि पुढे गप्प बसायचं! १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांमध्ये उपप्रश्नाचा हक्क आला, तोही फक्त ज्याने मूळ प्रश्न विचारला त्याला. गोखल्यांसारख्या आकडे तोंडपाठ असलेल्या माणसासमोर सरकारी बाकावरच्यांना उपप्रश्न नकोसा का वाटत असेल हे वेगळं सांगायला नको.

छापील प्रश्नातून किती लांब जाता येतं याचं ठळक उदाहरण मुंदडा प्रकरण. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न आला की एलआयसीने एका खासगी उद्योगपतीच्या, म्हणजे हरिदास मुंदडांच्या, कंपन्यांमध्ये पैसे गुंतवलेत का. उत्तर गुळमुळीत होतं, म्हणून खासदारांनी विषय सोडला नाही, पुन्हा प्रश्न, पुन्हा उपप्रश्न, आणि डिसेंबरात फिरोज गांधींनी, जे काँग्रेसचेच आणि वर पंतप्रधानांचे जावई, सव्वा कोटीच्या शेअरखरेदीची सभागृहात चिरफाड केली. मग न्यायमूर्ती छागलांचा आयोग बसला, त्याची सुनावणी मुंबईत उघडपणे झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

परराष्ट्र खात्याच्या बाबतीत मात्र विचारणाऱ्याचेच हात जरा बांधलेले असतात. लोकसभेच्या नियमात आहे की मित्रराष्ट्राचा उल्लेख अनादराने करता येणार नाही, शिवाय नुसतं मत मागणारा किंवा "समजा असं झालं तर" छापाचा काल्पनिक प्रश्नही चालत नाही. तरी चीनवरून सभागृह तापलं तेव्हा ऑगस्ट १९५९ मध्ये नेहरूंना, परराष्ट्र खातंही त्यांच्याकडेच होतं, अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधल्याचं लोकसभेत सांगावंच लागलं.

आता तुमची मूळ शंका, तारांकितला लेखी उत्तर कसं. सोपं आहे, वेळ संपला. प्रश्नोत्तराच्या तासाभरात वीसपैकी चार-पाच, फार तर सहा-सात प्रश्न पुकारले जातात, त्यात गोंधळ झाला तर एकही नाही. उरलेल्यांची उत्तरं लेखी म्हणून पटलावर जातात. नाव तारांकितच राहतं पण उपप्रश्न गेला, म्हणजे जीवच गेला. आपल्या विधानसभेतही अधिवेशनाच्या दिवसांत "अमुक आमदारांच्या तारांकित प्रश्नाला लेखी उत्तरात मंत्री म्हणाले" अशा बातम्या येतात त्यातल्या बऱ्याच या जातीच्या. तेव्हा बातमीची भाषा चुकलेली नाही.

विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांची भाषा हा तर वेगळाच खजिना आहे, कधी यादी हाती लागली तर वाचाच. प्रश्न कायम असा: "अमुक तालुक्यातील रस्त्याचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" त्या शेवटच्या "नसल्यास, विलंबाची कारणे" मध्ये अख्ख्या महाराष्ट्राचा प्रशासकीय अनुभव साठलेला आहे. आणि उत्तरं तीन-चारच: "होय, हे खरे आहे", "हे खरे नाही", "प्रश्न उद्भवत नाही", आणि माझं सगळ्यात आवडतं, "हे अंशतः खरे आहे". अंशतः हा काय सुंदर शब्द आहे बघा, किती अंश ते कोणी विचारत नाही. विचारायचं असेल तर परत उपप्रश्नच लागतो.

आणि मंत्री जर म्हणाले की "माहिती गोळा करून पटलावर ठेवू" किंवा "चौकशी करू", तर ते हवेत विरत नाही, त्याला सभागृहाच्या भाषेत आश्वासन म्हणतात आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. लोकसभेत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते, पाळली जाते का ते विचारू नका.

लक्षवेधी. हो, मूळ विशेषणच, लक्ष वेधणारी, शब्दवेधी बाणातला तोच वेध. पूर्ण नाव लक्षवेधी सूचना, विधानसभेच्या नियम १०५ खालची. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयाकडे सदस्य मंत्र्याचं लक्ष वेधतो आणि मंत्री निवेदन करतो. रोजच्या वापरात सूचना गळाली आणि विशेषणच नाम झालं, पैठणीतली साडी गळाली तसंच. लिंग मात्र सूचनेचं राहिलं म्हणून ती लक्षवेधी. आमदार आणि पत्रकार "लक्षवेधी टाकली", "लक्षवेधी लागली" (म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजात आली), "लक्षवेधी राखून ठेवली" असं सर्रास म्हणतात आणि त्यात चूक काही नाही.

जाता जाता, टीव्हीवाले प्रश्नकाळ म्हणतात तो हिंदीवरून आलाय, मराठीत प्रश्नोत्तराचा तास चांगला रुळलेला आहे. शून्य प्रहर, म्हणजे इंग्रजीतला झीरो अवर, तर आणखी गमतीचा, प्रहर म्हणजे तीन तास आणि संसदेतल्या या प्रकाराला तासभरही मिळेल याची खात्री नसते, पण तो शब्द आता इतका बसलाय की मी त्याच्या वाटेला जात नाही.

अनेकवचन विचारलं नाहीत पण पुढचा प्रश्न तोच येणार: छापताना "तीन लक्षवेधी" लिहा. बोलताना "लक्षवेध्या" ऐकू येतं, कानाला ठीकही वाटतं, पण कामकाजाच्या बातमीत "लक्षवेधी सूचना" असं पूर्ण लिहिलं की भानगडच नाही.