हापूस की केशर? सफरचंद लावावं का? फळझाड निवडताना आधी आपलं हवामान बघा

प्रश्न (बीड, धाराशिव, लातूर भागातील शेतकरी): रोपवाटिकेचे एजंट गावात येऊन हापूस आणि सफरचंदाच्या कलमांचं बुकिंग घेत आहेत. लावावीत का? गेल्या मे महिन्यात लावलेली आंब्याची कलमं निम्मी वाळली, त्याचं कारण काय?

उत्तर: हापूस लावू नका. सफरचंद तर नाहीच नाही.

राज्याचे हवामान आणि जमिनीनुसार नऊ कृषी हवामान विभाग पाडलेले आहेत. आपला विभाग कोणता, हे कृषी सहायकाला विचारा आणि मगच पिकाचं नाव काढा. हापूसला कोकणातली दमट हवा आणि निचऱ्याची जांभी जमीन मानवते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42 अंशांवर जातो, वारा कोरडा असतो. झाड वाढतं, पण मोहोर आणि फळधारणा बेभरवशाची राहते. शिवाय 'हापूस' या नावाचं भौगोलिक मानांकन फक्त रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांना आहे. पिकवलाच तरी त्या नावाने विकता येणार नाही. सफरचंदाच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात 7 अंशांखालचे शेकडो तास लागतात, ते इथे मिळत नाहीत. कमी थंडीवर येणाऱ्या जातीचं एखादं झाड परसात हौसेला ठीक. त्यावर एकरभर पैसा लावू नका.

आपल्याकडे केशर आंबा लावा. पाऊस 750 मिमीच्या आत आणि जमीन हलकी असेल तर सीताफळ, बोर, आवळा, चिंच. डाळिंब कोरड्या हवेत चांगलं येतं. पाऊस जास्त आणि हवा ढगाळ तिथे तेल्या (तेलकट डाग रोग) बाग खातो. मोसंबी-संत्र्याचा विचार असेल तर आधी मातीतला मुक्त चुना तपासा. 10 टक्क्यांवर असेल तर विषय सोडा. पानं पिवळी पडली की दुकानदार दरवर्षी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाटल्या विकत राहील, चुना मात्र जमिनीतून जाणार नाही.

आता कलमं का वाळली. वाळलेलं कलम उपटून मुळाशी बघा. कोकणातून आणलेलं असेल तर पिशवीतला तांबड्या मातीचा गोळा जसाच्या तसा निघेल, मुळं आतल्या आतच गोल फिरलेली दिसतील. भोवतालची काळी माती उन्हाने आकसते, भेगाळते, गोळा सुटा पडतो आणि ठिबक चालू असूनही झाड तहानेने मरतं. त्यात शेडनेटमधलं रोप थेट मेच्या उन्हात! मे महिन्यात कलम लावू नका. 'ठिबक आहे ना, लावून टाका' असं विकणारा सांगेल, त्याला माल संपवायचा असतो. दोन-तीन दमदार पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाली की लावा. भारी काळ्या रानात पाणी साचत असेल तर पावसाचा जोर ओसरल्यावर लावा. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखालची फूट दिसताक्षणी काढा.

त्यापेक्षा जागेवर कलम करा, म्हणजे कोय शेतातच लावून उगवलेल्या रोपावर कलम बांधा. कोरडवाहू भागात यासारखी पद्धत नाही. मे महिन्यात एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डे घ्या, उन्हात तापू द्या. वरची चांगली माती, चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत आणि 2 किलो सिंगल सुपर फॉस्फेट घालून भरा. खड्ड्यात युरिया टाकू नका, कोवळी मुळं जळतात. जूनमध्ये गावरान आंब्याच्या ताज्या कोयी प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन लावा. महिनाभर पडून राहिलेली कोय उगवत नाही. पुढच्या पावसाळ्यात रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जुलै-ऑगस्टमध्ये पाचर कलम करा (रोपाचा शेंडा कापून खाचेत काडी पाचरीसारखी बसवा). काडी फळ देणाऱ्या केशरच्या झाडाची, तीन-चार महिने वयाची घ्या. आठ-दहा दिवस आधी पानं छाटून देठ ठेवा, म्हणजे डोळे फुगतात. एजंट म्हणेल वर्ष वाया गेलं. वाया काही जात नाही: सोटमूळ सरळ खोल गेलेलं असतं, पिशवीतल्या रोपाचं तसं जात नाही.

आंब्याला मोहोर यावा म्हणून देतात त्या पॅक्लोब्युट्राझोलबद्दलही सांगतो, कारण दरवर्षी तीच चूक होते. हे खत नाही, वाढ रोखणारं संजीवक आहे. लहान किंवा अशक्त झाडाला, कोरड्या जमिनीत देऊ नका. मोठ्या, निरोगी झाडालाही घेराच्या व्यासाच्या दर मीटरला 25 टक्के तीव्रतेचं 3 मिलीच, आणि तेही 15 जुलै ते 15 ऑगस्ट या काळातच. दुकानदार दुप्पट सांगतो. दुप्पट दिलं की फांद्यांचे गुच्छ होतात, मोहोर आखूड राहतो आणि औषधाचा अंश जमिनीत पुढेही टिकतो. उशिरा दिलं तर पैसे गेले.

अनुदान: भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना, अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर. कोकणाबाहेर किमान 20 गुंठे. रक्कम तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के. कोरडवाहू बागेत 80, बागायतीत 90 टक्के झाडं जिवंत हवीत. कलमं घ्यायची तर शासकीय, विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावतीवर जातीचं नाव लिहून घ्या. योजनेची पूर्वसंमती हातात येईपर्यंत बुकिंगचा एक रुपयाही देऊ नका.